जीवाणू संवर्धन माध्यमे

जीवाणूंना प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात वाढवण्यासाठी जे अन्न तयार करतात, त्याला संवर्धन माध्यम म्हणतात. प्रयोगशाळेच्या बोलीत हे नुसते ‘मीडिया’; ‘आज मीडिया कोण बनवणार?’ हा तिथला रोजचा प्रश्न असतो. सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू दिसतो खरा, पण बहुतेक वेळा ओळखू येत नाही. टायफॉइडचा जीवाणू आणि आपल्या आतड्यात सुखाने नांदणारा ई. कोलाय हे दोघेही तिथे सारख्याच आखूड काड्या दिसतात. योग्य माध्यमावर ठेवले की एका रात्रीत त्यांचे रंग वेगळे होतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय साधारण दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो, त्यामुळे संध्याकाळी टेकवलेल्या एका पेशीची सकाळी कोट्यवधी पेशींची, टाचणीच्या माथ्याएवढी वसाहत झालेली असते.

माध्यमात पाणी, कार्बन आणि नायट्रोजन यांचा स्रोत, क्षार आणि योग्य सामू एवढे लागतेच. सर्वांत साध्या पोषक ब्रॉथची (पातळ रश्शाची) कृती एका लिटरला ५ ग्रॅम पेप्टोन, ३ ग्रॅम मांसाचा अर्क, ५ ग्रॅम मीठ आणि सामू ७.४ च्या आसपास अशी आहे. पेप्टोन म्हणजे विकरांनी किंवा आम्लाने अर्धवट पचवलेली प्रथिने. जीवाणूला ती आयती मिळतात. याच ब्रॉथमध्ये लिटरला १५ ग्रॅम आगर, म्हणजे समुद्रशेवाळातून मिळणारा थिजवणारा पदार्थ, घातले की पोषक आगर तयार होते.

स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत

१८६० च्या सुमारास लुई पाश्चरने साखर, अमोनियाचा क्षार आणि यीस्टची राख पाण्यात घालून पोषक द्रव बनवला. द्रवात जीवाणू वाढत, पण सगळे एकमेकांत मिसळत, आणि एका जातीचा शुद्ध वाण हाती लागणे नशिबावर राही. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉखने उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके उगवलेले पाहिले. प्रत्येक ठिपका एकाच जातीचा असतो हे त्याच्या ध्यानात आले आणि घट्ट पृष्ठभागाचे महत्त्व पटले. पण बटाटा पारदर्शक नसतो आणि रोगजंतूंपैकी पुष्कळांना तो रुचतही नाही. मग कॉखने मांसाच्या रश्शात जिलेटिन घालून काचपट्टीवर थर दिला आणि १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यक परिषदेत ही पद्धत दाखवली.

जिलेटिनच्या दोन अडचणी होत्या. ते पंचवीस ते तीस अंशांच्या दरम्यान पातळ होते, म्हणजे माणसाच्या शरीराच्या तापमानाला, ३७ अंश सेल्सियसला, त्यावर काही वाढवता येत नाही. शिवाय अनेक जीवाणू ते पचवून टाकतात. दुसऱ्या अडचणीचा उपयोगही झाला. १८८४ मध्ये कॉखने कोलकात्यात पटकीचा (कॉलराचा) जंतू वेगळा केला, तेव्हा वसाहतीभोवती जिलेटिन विरघळून पडणारा खळगा ही त्याची एक ओळखखूण ठरली.

पहिल्या अडचणीवरचा तोडगा फॅनी हेसे हिने सुचवला. तिचा नवरा वॉल्टर हेसे हवेतल्या जंतूंचा अभ्यास करत असे आणि उन्हाळ्यात त्याचे जिलेटिन वितळून जाई. फॅनी त्याला प्रयोगशाळेत मदत करी, जंतूंची चित्रे काढी, आणि घरी जेली करताना आगर वापरी. ही युक्ती तिला न्यूयॉर्कमधल्या लहानपणी जावाहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून मिळाली होती. कॉखच्या १८८२ च्या क्षयजंतूवरील निबंधात आगरचा उल्लेख आहे, हेसे दांपत्याचा नाही. पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, यूलिउस पेट्रीने झाकणाची उथळ काचेची बशी आणली. बशीला त्याचे नाव मिळाले, आगराला फॅनीचे मिळाले नाही.

आगर म्हणजे किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळते ते. जेलिडियम, ग्रॅसिलारिया अशा तांबड्या समुद्रशेवाळांतून ते काढतात. साधारण ८५ ते ९५ अंशांवर ते वितळते, पण गोठते मात्र ४० अंशांच्या खाली येताना. हीच तफावत सूक्ष्मजीवशास्त्राच्या कामी आली: जीवाणू न मरतील इतक्या कोमट अवस्थेत ते ओतता येते आणि एकदा घट्ट झाले की ३७ अंशांना जसेच्या तसे राहते. फारच थोड्या जीवाणूंना ते पचते. भारतात तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातातून आगरासाठी जेलिडिएला हे शेवाळ गोळा करतात.

मुंबईतले तूप

माध्यमांच्या इतिहासात मुंबईचाही एक अध्याय आहे. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा जीवाणूशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या तोकड्या जागेत लस तयार करायला घेतली. लशीसाठी प्लेगचे जंतू ढिगाने हवे होते, आणि ते स्थिर ब्रॉथमध्ये आधार मिळाला तरच नीट वाढत. हाफकिननी ब्रॉथवर तुपाचे थेंब तरंगत सोडले. प्रत्येक थेंबाच्या खालच्या बाजूला जंतू धरत आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तशी वाढ ब्रॉथमध्ये खाली उतरे. चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी बसत आणि थेंबाखाली नवे पीक सुरू होई. काही आठवड्यांनी हा गाळ तापवून, कार्बॉलिक आम्ल घालून लस होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेत हे काम पुढे हलले तिला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

बनवण्याची रीत

आता बहुतेक माध्यमे कोरड्या भुकटीच्या डब्यांत मिळतात. मुंबईतही ती मोठ्या प्रमाणावर बनतात. भुकटी तोलायची, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवायची, सामू जुळवायचा, आगर पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचे आणि चंबूच्या तोंडाला कापसाचा बोळा लावून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या भांड्यात, ठेवायचे. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटे हे आकडे विद्यार्थ्याला झोपेतही पाठ असतात. साखर असलेले माध्यम मात्र एवढ्या उष्णतेत करपून तांबूस होते, म्हणून त्याला १० पौंड दाब देतात, किंवा तीन दिवस रोज अर्धा तास नुसती वाफ देतात. मधल्या दोन रात्रींत उरलेले बीजाणू (जीवाणूंची उष्णता सोसणारी सुप्त रूपे) रुजतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वाफेत मरतात. ही टिंडलची पद्धत. रक्तद्रव, जीवनसत्त्वे, प्रतिजैविके यांना उष्णता सोसत नाही, ती ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून मग घालतात. सामू फार आम्ल असताना आगर तापवले तर ते गोठतच नाही, आणि सगळी खेप टाकून द्यावी लागते.

ओतणे हा खरा हातखंडा. चंबू मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहायचा: चटका न बसता सोसवला की साधारण ४५ ते ५० अंश झाले. याहून गरम ओतले तर झाकणावर पाण्याचे थेंब जमतात, ते खाली पडून वसाहती एकमेकांत वाहून जातात. याहून थंड झाले तर बशीत गाठी पडतात. बर्नरच्या ज्योतीजवळ चंबूचे तोंड शेकायचे, बशीचे झाकण फक्त एका बाजूने उचलायचे, ओतायचे, बुडबुडा आलाच तर ज्योत वरून हलकेच फिरवायची. घट्ट झाल्यावर बशा पालथ्या घालून उबवणीपेटीत ठेवायच्या. एक-दोन कोऱ्या बशा तशाच उबवून पाहायच्या. त्यांवर काही उगवले तर त्या खेपेचा भरवसा धरू नये.

प्रकार आणि त्यांची कामे

माध्यमांचे वर्गीकरण पाठ्यपुस्तकांत नीट खणांत मांडलेले असते, प्रत्यक्षात खण एकमेकांत सांडतात. स्वरूपावरून द्रव, घन आणि अर्धघन असे तीन प्रकार आहेत. अर्धघनात ०.२ ते ०.५ टक्के आगर असते. त्यात सरळ सुईने टोचून पेरले की चलनशील जीवाणू टोचरेषेच्या बाहेर धुक्यासारखे पसरतात आणि अचल जीवाणू रेषेलाच धरून राहतात.

घटकांवरून पाहिले तर काही माध्यमांत प्रत्येक रसायन मोजून ठरलेले असते, तर काहींत पेप्टोन, यीस्टचा अर्क असे पदार्थ असतात, ज्यांत नेमके काय आणि किती आहे हे कोणी सांगू शकत नाही. रेणवीय जीवशास्त्रात रोज लागणारा एलबी ब्रॉथ या दुसऱ्या गटातला. जुझेप्पे बेर्तानी यांनी १९५१ मध्ये तो प्रसिद्ध केला. ‘एलबी’ म्हणजे ‘लायसोजेनी ब्रॉथ’, जरी पुष्कळ जण अजूनही त्याचा विस्तार ‘लुरिया-बेर्तानी’ असाच करतात. ठरलेल्या घटकांच्या माध्यमाची ताकद त्याच्या उणेपणात असते. लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ मध्ये वेगवेगळ्या पोषकद्रव्यांसाठी परावलंबी असलेले ई. कोलायचे दोन वाण एकत्र वाढवले आणि मग ती द्रव्ये नसलेल्या माध्यमावर पसरले. तरीही वसाहती उगवल्या. जीवाणूंमध्ये जनुकांची देवाणघेवाण होते, याचा हा एक महत्त्वाचा पुरावा.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सर्वाधिक खपतात ती रक्त आगर आणि मॅकॉन्की आगर. रक्त आगरात ५ टक्के मेंढीचे रक्त असते. घशाला त्रास देणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस रक्तपेशी फोडून भोवती लख्ख पारदर्शक कडे करतो, न्यूमोनियाचा जंतू हिरवट कडे करतो. सोयीसाठी रक्तपेढीतले मुदत संपलेले माणसाचे रक्त वापरण्याची सवय काही ठिकाणी दिसते, ती वाईट. त्यात प्रतिपिंडे आणि सायट्रेट असतात, कधी रोगजंतूही असू शकतात. मेंढीचे रक्त सुमारे ८० अंशांना तापवून घातले की माध्यम चॉकलेटी होते आणि त्याचे नावही चॉकलेट आगर पडले आहे. चॉकलेट त्यात कणभर नसते. फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेल्या द्रव्यांवर हिमोफिलस हा जीवाणू वाढतो.

मॅकॉन्की आगर एकाच वेळी दोन कामे करते: निवडते आणि भेद दाखवते. आल्फ्रेड मॅकॉन्की यांनी पित्तक्षार घालून ग्रॅम-धन (ग्रॅमच्या रंगपद्धतीत जांभळे दिसणाऱ्या) जीवाणूंची वाट अडवली, आणि लॅक्टोज व न्यूट्रल रेड हा आम्लात लाल होणारा रंग घालून उरलेल्यांना प्रश्न विचारला: दुधातली साखर आंबवतोस का? ई. कोलाय आंबवतो, आम्ल होते, वसाहत गुलाबी दिसते. टायफॉइड आणि आमांशाचे जीवाणू आंबवत नाहीत, त्यांच्या वसाहती बिनरंगी राहतात. पटकीसाठीच्या टीसीबीएस आगरात साखर सुक्रोज असते आणि सामू ८.६. या हिरव्या बशीवर पटकीचे जंतू पिवळेधमक उठून दिसतात. ते ऑटोक्लेव्ह करत नाहीत, नुसते उकळतात. नमुन्यात जंतू फारच थोडे असतील तर आधी अल्कधर्मी पेप्टोन पाण्यात काही तास त्यांची संख्या वाढू देतात, कारण इतर जीवाणू त्या सामूला मागे पडतात. मॅनिटॉल सॉल्ट आगरात ७.५ टक्के मीठ असते. लोणच्यात जे घडते तेच इथे घडते, फक्त खारटपणा सोसणारे स्टॅफिलोकॉकस तग धरतात.

क्षयाच्या जंतूचे लोवेनस्टाइन-येन्सेन माध्यम तर आगराशिवाय बनते. अंडी फेटून त्यात क्षार, ग्लिसरॉल आणि मॅलकाइट ग्रीन घालतात, बाटल्या तिरक्या ठेवून ८० ते ८५ अंशांना मिश्रण थिजवतात. अंड्याच्या हिरव्या थरावर पावाच्या चुऱ्यासारख्या खरबरीत, फिकट पिवळसर वसाहती येतात, पण तीन आठवडे ते दोन महिने थांबावे लागते, कारण हा जंतू दुप्पट व्हायलाच पंधरा-वीस तास घेतो. आता द्रव माध्यमाच्या स्वयंचलित यंत्रांनी हा काळ कमी केला आहे.

प्रतिजैविक कोणते लागू पडेल हे पाहण्यासाठी म्यूलर-हिंटन आगर वापरतात. मूळात १९४१ मध्ये ते गनोरिया आणि मेंदूज्वराच्या जंतूंसाठी बनवले होते. इथे बशीतल्या थराची जाडी ४ मिलिमीटरच हवी. थर जाड झाला तर औषध खोल पसरते, चकतीभोवतीचे रिकामे वर्तुळ लहान येते आणि लागू पडणारे औषधही अहवालात ‘प्रतिरोधी’ म्हणून जाते.

दवाखान्याबाहेर

पाण्याच्या तपासणीत लॅक्टोजयुक्त ब्रॉथच्या नळ्यांत उलटी छोटी डरहॅम नळी ठेवतात. तिच्यात वायूचा बुडबुडा जमला तर पाण्यात आतड्यातले जंतू असल्याचा संशय. खेड्यांत याहून सोपी चाचणी चालते. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी पेप्टोन, लोहाचा क्षार आणि थायोसल्फेट कागदाच्या पट्टीवर सुकवून बाटलीत ठेवले. बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचे. दूषित असेल तर हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन पाणी काळे पडते. याला ना ऑटोक्लेव्ह लागतो, ना उबवणीपेटी.

शेतीत रायझोबियमसाठी यीस्टचा अर्क, मॅनिटॉल आणि काँगो रेड घातलेले आगर आहे. रायझोबियमच्या वसाहती तो लाल रंग फारसा शोषत नाहीत, पांढरट राहतात, म्हणून भेसळ चटकन कळते. डाळवर्गीय पिकांच्या जीवाणू खतांचा दर्जा असा तपासता येतो. हवेतला नायट्रोजन बांधणारा ॲझोटोबॅक्टर हवा असेल तर माध्यमात नायट्रोजन घालायचाच नाही.

मर्यादा

मातीच्या एका चिमटीतले जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजले आणि त्याच चिमटीतून बशीवर उगवणाऱ्या वसाहती मोजल्या, तर दुसरा आकडा पहिल्याचा अगदी लहानसा अंश निघतो. बाकीच्यांना काय लागते ते माहीत नसते, किंवा त्यांना आपल्या माध्यमातले अन्न फार होते. काहींना शेजारच्या जातीची सोबत हवी असते. रोगजंतूंतही असे हट्टी आहेत. महारोगाचा जीवाणू गेर्हार्ड हान्सेन यांनी नॉर्वेत १८७३ मध्ये पाहिला, कॉखने क्षयजंतू वाढवून दाखवण्याच्या नऊ वर्षे आधी. पण तो आजही कोणत्याच कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. संशोधनासाठी त्याला उंदराच्या तळपायात किंवा आर्माडिलो या प्राण्यात वाढवावे लागते.