शाळेच्या फायरवॉलमागून रिमोट डेटाबेस वापरणं

शाळेच्या नेटवर्कवर बसून बाहेरच्या कुठल्यातरी सर्व्हरवरच्या डेटाबेसला कनेक्ट होणं, आणि मध्ये शाळेची फायरवॉल (नेटवर्कमधून काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारी भिंत) असताना ते कसं जमवायचं, असा हा विषय आहे. वरवर नेटवर्किंगचा वाटतो, पण निम्मा डेटाबेसच्या सुरक्षेचा आहे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांना आणि त्यांच्या शिक्षकांना हा प्रश्न हमखास भेटतो. रात्री घरी प्रोजेक्ट मस्त चाललेला असतो, सकाळी लॅबमध्ये तोच लॅपटॉप, तोच कोड, तोच पासवर्ड, आणि प्रोग्राम कनेक्शनच्या ओळीवर येऊन नुसता थांबून राहतो. कोडमध्ये काहीच चुकलेलं नसतं, तरी पोरं तासन्‌तास कोडच उलटापालटा करत बसतात आणि आपल्याला हे जमत नाही असं धरून चालतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

होतं काय, तर प्रत्येक सर्व्हर प्रोग्राम एका ठरलेल्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या नंबर दिलेल्या दारावर, ऐकत बसलेला असतो. वेबसाइटसाठी ८० आणि ४४३, डेटाबेसांमध्ये मायएसक्यूएलसाठी ३३०६, पोस्टग्रेससाठी ५४३२, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरसाठी १४३३, ओरॅकलसाठी १५२१, मोंगोडीबीसाठी २७०१७. शाळेच्या फायरवॉलचा नियम बहुतेक वेळा अगदी साधा असतो, की वेब चालू द्या आणि बाकी सगळं बंद. कुणी मुद्दाम डेटाबेसवर बंदी घातलेली नसते, ८० आणि ४४३ सोडून उरलेली हजारो पोर्टं एकगठ्ठा बंद असतात आणि आपला ३३०६ त्या गठ्ठ्यात सापडतो, एवढंच.

ही सावधगिरी उगाच आलेली नाही. २५ जानेवारी २००३ ला एसक्यूएल स्लॅमर नावाचा वर्म (मशीनवरून मशीनवर आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) सुटला, अवघ्या ३७६ बाइटचा. एसक्यूएल सर्व्हरच्या यूडीपी १४३४ पोर्टवरून तो घुसायचा, सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होता आणि साधारण दहा मिनिटांत त्याने किमान ७५,००० मशीन गाठली, कित्येक ठिकाणी नेटवर्क ठप्प झालं, बँकांची एटीएमसुद्धा बंद पडली. त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, सहा महिने आधीच आला होता, पण खूप जणांनी टाकलाच नव्हता. २०१७ च्या सुरुवातीला पासवर्डशिवाय उघड्या ठेवलेल्या हजारो मोंगोडीबी डेटाबेसमधला डेटा पुसून खंडणी मागितली गेली. त्यामुळे डेटाबेसचं पोर्ट थेट इंटरनेटवर उघडं ठेवणं ही मुळात चांगली सवय नाही, आणि शाळेची फायरवॉल आडवी आली म्हणून चिडण्याआधी आपला डेटाबेस सगळ्या जगाला दिसतोय का हे बघावं, असं माझं ठाम मत आहे.

अडचण नेमकी कुठे आहे ते कसं ओळखायचं

एरर नीट वाचली तर निम्मं काम होतं. मायएसक्यूएलची २००३ नंबरची एरर आली तर तिच्या कंसातला आकडा बघायचा. लिनक्सवर ११० किंवा विंडोजवर १००६० असेल तर टाइमआउट, म्हणजे आपलं पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) गेलं आणि कुणी उत्तरच दिलं नाही. फायरवॉल गपचूप पॅकेट टाकून देते तेव्हा असंच दिसतं, आणि प्रोग्रामने स्वतःचा टाइमआउट लावलेला नसेल तर लिनक्स डीफॉल्ट सेटिंगवर दोन मिनिटांच्या वर थांबून मग हार मानतं, म्हणून तो हँग झाल्यासारखा वाटतो. १११ किंवा १००६१ असेल तर कनेक्शन नाकारलंय, म्हणजे कुणीतरी ‘नाही’ असं उत्तर दिलंय. बहुतेकदा त्या पोर्टवर सर्व्हर चालूच नसतो किंवा तो फक्त स्वतःच्या मशीनपुरता १२७.०.०.१ वर ऐकत असतो. आणि १०४५ किंवा ११३० आली तर फायरवॉलला अजिबात दोष देऊ नका, कारण ही उत्तरं खुद्द डेटाबेसने दिलेली असतात. १०४५ मध्ये युजर-पासवर्ड जुळलेला नसतो, ११३० मध्ये तुमच्या आयपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यावरून, यायची परवानगी नसते.

खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे दोन मिनिटं लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेऊन तोच प्रोग्राम चालवायचा. तिथे चालला आणि शाळेच्या वायफायवर टाइमआउट आला तर बहुतेक फायरवॉलच, पण डेटाबेसच्या बाजूला आयपीची व्हाइटलिस्ट (परवानगी दिलेल्या आयपींची यादी) असेल तर तीही एकदा तपासून घ्यायची, कारण काही क्लाउड सेवा यादीबाहेरच्या आयपीला उत्तरच देत नाहीत.

मार्ग

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे डेटाबेसला थेट हातच लावायचा नाही, मध्ये एक छोटी एपीआय ठेवायची, म्हणजे आपल्या मागण्या घेऊन उत्तर परत देणारा एक प्रोग्राम. आपला प्रोग्राम ४४३ वरून एचटीटीपीएसने एपीआयशी बोलतो, एपीआय तिच्या बाजूला डेटाबेसशी बोलते, आणि शाळेच्या फायरवॉलला हे सगळं साध्या वेबसाइटसारखं दिसतं कारण ते खरोखर तेच असतं. वर डेटाबेसचा पासवर्ड पोरांच्या लॅपटॉपवर कुठेच राहत नाही, आणि एपीआय नीट लिहिली असेल तर ठरवून दिलेल्याच क्वेरी चालतात, चुकून अख्खं टेबल उडवायची सोय उरत नाही. नुसता डेटा बघायचा, दोन ओळी बदलायच्या एवढंच असेल तर पीएचपीमायअ‍ॅडमिनसारखं ब्राउझरमधलं टूल किंवा क्लाउड कंपनीचा कन्सोल पुरतो.

बरेच जण मायएसक्यूएललाच ४४३ वर बसवून बघतात आणि ते कधी चालतं, कधी नाही, मग डोकं खाजवत बसतात. त्याचं कारण असं की टीएलएसमध्ये (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) आधी क्लायंट बोलतो, मायएसक्यूएलमध्ये आधी सर्व्हर बोलतो, त्यामुळे पॅकेटच्या आत डोकावणारी फायरवॉल पहिल्या काही बाइटवरूनच ओळखते की हे वेब नाही.

दुसरा मार्ग एसएसएच टनेलचा. एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर एन्क्रिप्टेड लॉगिन करायची सोय. एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू युलेनेन यांनी लिहिलं, त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर, आणि दूरच्या लॉगिनच्या जुन्या टेलनेटचं २३ आणि फाइल पाठवायच्या एफटीपीचं २१ यांच्या मधलं २२ हे पोर्ट त्यांनी रीतसर मागून घेतलं. टनेलमध्ये आपल्या लॅपटॉपवरचं समजा ३३०७ पोर्ट एसएसएचच्या आतून पलीकडच्या ३३०६ ला जोडलं जातं, आणि प्रोग्रामला वाटतं डेटाबेस इथेच आहे. ३३०७ एवढ्यासाठी की लॅपटॉपवर स्वतःचा मायएसक्यूएल असेल तर ३३०६ आधीच अडलेलं असतं. इथे एक खाच आहे जिच्यात जवळपास सगळेच एकदा पडतात. लिनक्स किंवा मॅकवर होस्टच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की मायएसक्यूएलचा नेहमीचा क्लायंट पोर्टकडे लक्षच देत नाही, थेट मशीनवरच्या सॉकेट फाइलकडे (त्याच मशीनवरच्या सर्व्हरशी बोलायची आतली वाट) जातो, आणि तुम्ही टनेलऐवजी स्वतःच्याच रिकाम्या डेटाबेसमध्ये पोचता. म्हणून होस्ट १२७.०.०.१ असाच लिहायचा. अर्थात २२ सुद्धा बऱ्याच शाळांत बंद असतं, आणि उघडं असलं तरी टनेल करण्याआधी विचारावं, कारण शाळेच्या नेटवर्क नियमांत ते बसत नसेल तर भुर्दंड पोराला बसतो.

विचारायचं तेही नेमकं विचारावं. ‘सर, नेट चालत नाहीये’ असं म्हटलं तर नेटवर्क सांभाळणारा माणूस काय करणार? त्याला लिहून द्यायचं की अमुक सर्व्हरचं नाव, टीसीपी पोर्ट ५४३२ (पोस्टग्रेस असेल तर), फक्त बाहेर जाणारं ट्रॅफिक, फक्त लॅबमधली मशीन, कनेक्शन टीएलएसने एन्क्रिप्टेड, आणि अमुक तारखेपर्यंत. एवढं दिलं तर नियम लिहिणं पाच मिनिटांचं काम असतं, आणि होकार मिळायची शक्यताही वाढते. क्लाउडवरच्या डेटाबेसचा आयपी बदलू शकतो, म्हणून आयपीऐवजी नाव द्यावं.

डेटाबेसच्या बाजूला व्हाइटलिस्ट करतानाही एक लक्षात ठेवायचं. शाळेतली सगळी मशीन नॅटमुळे (अनेक मशीनना बाहेरचा एकच पत्ता वापरू देणारी सोय) बाहेरून बहुधा एकाच पब्लिक आयपीवर दिसतात, म्हणजे तो आयपी टाकला की परवानगी एका लॅपटॉपला नाही, अख्ख्या शाळेला मिळते. तरीही ०.०.०.०/० टाकून सगळ्या जगाला उघडं करण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं, फक्त पासवर्ड दमदार हवा आणि त्या युजरला लागतील तेवढेच हक्क हवेत.

आणि वर्गात नुसतं एसक्यूएल शिकायचं असेल तर रिमोट डेटाबेस लागतोच असं नाही. एसक्यूलाइट २००० पासून आहे, त्यात सर्व्हर नाही, पोर्ट नाही, युजर-पासवर्ड नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. जॉइन, ग्रुप बाय, इंडेक्स, ट्रान्झॅक्शन सगळं त्यात शिकता येतं, आणि ती फाइल पेनड्राइव्हवर टाकून घरी नेली की काल जिथे थांबलो तिथूनच पुढे सुरू.