कॅमेरा बंद दिसला, तर आम्हाला फोन करण्याआधी

वळवाचा पहिला पाऊस झाला की आमच्या सीसीटीव्हीच्या दुकानातला फोन खाली ठेवता येत नाही. जिंतूर, पाथरी, परभणीचा मोंढा, सगळीकडून एकच वाक्य : "कॅमेरा गेला." जाऊन बघावं तर बहुतेक वेळा कॅमेरा ठणठणीत असतो; गेलेली असते लाइट, वायर नाहीतर नेट. अशा वेळी व्हिजिट चार्ज घ्यायला बरं वाटत नाही. (घेतो, पण बरं वाटत नाही.)

सगळेच कॅमेरे एकदम गेले? मग कॅमेऱ्यांकडे बघूच नका, पीओई स्विच बघा. सगळ्या वायरी ज्या लहान डब्यात येतात तोच हा. कॅमेऱ्याला वीजही त्याच वायरीतून जाते. एका आडतीवर चारही कॅमेरे बंद होते. आम्ही शिडी लावून दोन उतरवलेसुद्धा. नंतर कळलं, हमालाने इलेक्ट्रॉनिक काटा लावायला स्विचची पिन काढली होती! तेव्हापासून त्या पिनेला आम्ही लाल टेप गुंडाळतो.

एकच गेला? स्विचवर त्याच्या पोर्टची, म्हणजे वायर खोचायच्या खाचेची, लाइट बघा. वायरींवर नंबर चिकटवलेले आहेत. लाइट लागत नसेल तर वायर शेजारच्या मोकळ्या पोर्टात लावा आणि दोन मिनिटं थांबा. चित्र आलं तर पोर्ट गेलंय. नाही आलं तर संशय वायरीवर, आणि पावसाळ्यात त्यातही कॅमेऱ्यामागच्या डबीतल्या कनेक्टरवर. त्याच्या आठ पिवळ्या पिनांवर हिरवट थर चढला असेल तर आत पाणी गेलंय. पुसून भागत नाही, टोक कापून नवं कनेक्टर मारावं लागतं. त्यासाठी मात्र आम्हालाच बोलवा, ओल्या पत्र्यावर चढू नका.

दिवसा चालतो आणि अंधार पडला की बंद, ही तक्रार वेगळी. रात्री कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त लागते. वायर स्वस्तातली, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असेल तर लांब पल्ल्यावर ती वीज पोचतच नाही. म्हणून आम्ही अस्सल तांब्याचीच वायर टाकतो, दर जास्त वाटला तरी. तीही १०० मीटरपर्यंतच. गोठा किंवा शेतातला आखाडा त्याहून लांब असेल तर फायबर टाकून घ्या. फायबर काचेची असते, त्यामुळे विजेचा झटका तिच्यातून दुकानापर्यंत येत नाही.

रात्री चित्र पांढरंधोप दिसतं? आधी केरसुणी घ्या. काचेसमोर कोळ्याचं जाळं असतं, इन्फ्रारेडचा उजेड त्यावरच आपटून परत येतो.

मोबाइलवर दिसत नाही म्हणजे रेकॉर्डिंग बंद, असं नाही. दुकानातल्या टीव्हीवर बघा. तिथे चित्र असेल तर कॅमेरे आणि एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) ठीक आहेत, अडलंय ते नेट. विशेषतः नवं फायबर कनेक्शन घेतल्यावर हे होतं. जुन्या राउटरवर आपल्या एनव्हीआरचा नेटवर्कवरचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता, नवा राउटर १९२.१६८.० ने सुरू होणारे किंवा आणखी वेगळेच पत्ते देतो. मग दोघांची गाठच पडत नाही. राउटर बदलणार असाल तर आदल्या दिवशी सांगा, बहुतेक वेळा फोनवरच जमवून देतो. स्वतः नवे कॅमेरे आणून जोडणार असाल तर एकेक करून जोडा. एकाच कंपनीचे दोन कोरे कॅमेरे बऱ्याचदा एकच पत्ता घेऊन येतात आणि मग दोन्ही धड चालत नाहीत.

"महिनाभराचं रेकॉर्डिंग का नाही?" याचा हिशेब असा. एच.२६५ (व्हिडिओ कमी जागेत साठवायची पद्धत) वर सेकंदाला २ मेगाबिट धरले तर एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ जीबी खातो. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क जेमतेम अकरा दिवस पुरते. त्यानंतर जुनं पुसून नवं लिहिलं जातं. म्हणून चोरी झाली तर त्याच दिवशी फुटेज पेनड्राइव्हवर घ्या, आणि एनव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे ना ते बघा. वेळ दोन तास मागे असली तर पोलिसांसमोर समजावता समजावता नाकी नऊ येतात.

पासवर्ड १२३४५६ ठेवू नका. मुनीम किंवा नोकर सोडून गेला की लगेच बदला, नवा पासवर्ड आमच्याकडे लिहून ठेवण्याची गरज नाही.

एवढं करूनही अडलं तर स्विचच्या लाइट दिसतील असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. येताना कनेक्टर घ्यायचं की नवा स्विच, ते आम्हाला फोटोवरून कळतं.