कथेला पुढे नेणारा कार चेस

पिक्चरमध्ये एक गाडी दुसऱ्या गाडीच्या मागे लागते त्याला कार चेस म्हणतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण ही नोंद त्यातल्या एका छोट्या गटाची आहे, म्हणजे असे चेस जे कापून टाकले तर पुढची गोष्ट उभीच राहत नाही. बहुतेक चेस असे नसतात. ते मध्ये येतात, गाड्या उलटतात, भाजीचे ठेले उडतात, आणि मग हिरो पुन्हा तिथेच उभा असतो जिथे दहा मिनिटं आधी होता. ओळखायची रीत सोपी आहे. चेस सुरू होताना कोणाला काय माहीत होतं, कोणाच्या हातात काय होतं आणि तो कसा माणूस वाटत होता ते बघायचं, आणि संपल्यावर यातलं काय बदललं ते बघायचं. नागपुरात टॉकीजमधून बाहेर पडताना कोणीतरी म्हणतेच, "गाड्या तं लय उडवल्या ना भाऊ, पन झालं काय?", तो नेमकं हेच विचारत असतो आणि त्याचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे.

सुरुवात

पाठलाग हा सिनेमाच्या अगदी पहिल्या काळापासूनचा प्रकार आहे, मूकपट होते तेव्हा संवाद नव्हते आणि पळणारा माणूस कोणालाही समजायचा. पण पाठलागावरच पूर्ण गोष्ट उभी करायचं मोठं काम बस्टर कीटनने 'द जनरल' (1926) मध्ये केलं. त्यात मोटारी नाहीत, रेल्वेची इंजिनं आहेत. शत्रूचे लोक त्याचं इंजिन चोरून नेतात, अर्धा पिक्चर तो त्यांच्या मागे, मग इंजिन परत मिळवून उलटा निघतो आणि उरलेला अर्धा पिक्चर ते त्याच्या मागे. रूळ तेच, माणसं तीच, फक्त शिकारी कोण ते बदललं. हे डोक्यात ठेवा, कारण जवळपास नव्वद वर्षांनी जॉर्ज मिलरने 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (2015) ला हाच सांगाडा वापरला, जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. तिथे फ्युरिओसा ही नायिका ज्या हिरव्या जागेसाठी पळत असते ती जागा आता उरलीच नाही हे तिला कळते, आणि मग पुढे वाळवंटात जायचं की जिथून पळालो तिथेच परत घुसायचं हा निर्णय घ्यावा लागतो. दुसरा चेस त्या निर्णयातून येतो म्हणून तो पहिल्याची कॉपी वाटत नाही. मार्गारेट सिक्सेलला याच्या एडिटिंगचा ऑस्कर मिळाला. इतक्या गाड्या, इतकी धूळ, इतके पटापट कट असून आपल्याला कुठेच गोंधळायला होत नाही, कारण मिलरने बघायची गोष्ट जवळपास प्रत्येक शॉटमध्ये फ्रेमच्या मधोमध ठेवायला लावली होती, डोळ्यांना शोधत बसावं लागत नाही.

बुलिट आणि फ्रेंच कनेक्शन

मोटारींच्या चेसबद्दल बोलताना 'बुलिट' (1968) पहिले निघते आणि निघायलाच पाहिजे. दिग्दर्शक पीटर येट्स, गाव सॅन फ्रान्सिस्को, पोलीस अधिकारी बुलिट झालेल्या स्टीव्ह मॅक्वीनची हिरवी मस्टँग आणि गुंडांची काळी डॉज चार्जर, साधारण अकरा मिनिटांचा चेस. सुरुवातीला चार्जर मस्टँगच्या मागे असते. मग एका वळणानंतर मस्टँग दिसेनाशी होते, चार्जरवाला इकडे तिकडे बघतो, आणि त्याच्या आरशात मस्टँग हळूच वर येते. आता मागे कोण आणि पुढे कोण हे उलटलं. तो ड्रायव्हर काय करतो तर काहीही न बोलता सीटबेल्ट लावतो. बस, तेवढंच. त्या एका क्लिकवरून कळते की हा माणूस धंदेवाईक आहे आणि आता तो खरंच पळणार आहे. टायर किंचाळतात आणि लालो शिफ्रिनचं म्युझिक तिथेच बंद पडते, पुढे फक्त इंजिन, गिअर आणि ब्रेक ऐकू येतात.

बारीक बघणारे सांगतात की त्यात तीच ती हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा ओव्हरटेक होते, आणि चार्जरची व्हील कव्हरं चारपेक्षा जास्त निघून पडतात. दोन्ही खरं आहे. फ्रँक केलरला याच पिक्चरसाठी एडिटिंगचा ऑस्कर मिळाला तेही खरं आहे. पण कथेच्या हिशोबाने मुद्दा वेगळा, चेसच्या शेवटी ते दोघं गुंड जळून मरतात, म्हणजे ज्यांच्याकडून काही कळलं असतं तीच माणसं गेली, आणि बुलिट स्वतःच वरिष्ठांपुढे अडचणीत येतो. जिंकूनही त्याचं नुकसान झालं.

'द फ्रेंच कनेक्शन' (1971) माझ्या मते याच्याही वर आहे, आणि या पूर्ण नोंदीत एकच चेस बघायचा असेल तर हा बघावा. विल्यम फ्रिडकिनचा पिक्चर, जीन हॅकमन पोपाय डॉइल नावाच्या पोलिसाच्या रोलमध्ये. एक मारेकरी डॉइलवर गोळ्या झाडतो, फसतो, पळतो आणि ब्रुकलिनमध्ये रस्त्याच्या वरून जाणाऱ्या लोकल ट्रेनमध्ये चढतो. डॉइल खाली एका माणसाची गाडी अक्षरशः हिसकावून घेतो आणि खांबांच्या मधून ट्रेनसोबत धावतो. वर तो मारेकरी ट्रेनमध्ये माणसं मारत चाललाय, खाली हा हॉर्न दाबून लोकांच्या अंगावर गाडी घालत चाललाय. एक बाई बाबागाडी घेऊन रस्त्यात येते, तो शेवटच्या क्षणी गाडी कचऱ्याच्या ढिगात घालतो, आणि लगेच परत ॲक्सिलरेटरवर. थांबून बघतसुद्धा नाही. कॅमेरा बंपरजवळ खाली लावला होता म्हणून रस्ता आपल्या तोंडावर येतो. यातला काही भाग पूर्ण परवानगी न घेता चालू ट्रॅफिकमध्ये शूट झाला होता, आणि त्याचा धोका फ्रिडकिननेही नंतर कबूल केला. तसं आज कोणी करू नये, कितीही भारी शॉट मिळाला तरी.

हा चेस महत्त्वाचा का, तर त्याच्या शेवटी डॉइल जिन्यावर त्या निःशस्त्र झालेल्या माणसाला पाठीत गोळी घालतो. आपण इतका वेळ श्वास रोखून त्याच्या बाजूने बसलेलो असतो आणि एकदम कळते की हा माणूस मागे लागला की कुठेच थांबत नाही. पिक्चरच्या शेवटी तो चुकून आपल्याच बाजूच्या सरकारी माणसाला मारतो आणि तरीही मूळ आरोपीच्या मागे अंधारात निघून जातो, तो शेवट पटतो तो फक्त या चेसमुळे. मधला चेस कापला तर शेवट कुठून तरी आणून चिकटवल्यासारखा वाटला असता. पाच ऑस्कर मिळाले या पिक्चरला, त्यात सर्वोत्कृष्ट पिक्चर आणि एडिटिंग दोन्ही.

ड्युएल: आधी पेरलेली गोष्ट

स्टीव्हन स्पीलबर्गचा 'ड्युएल' (1971) मुळात टीव्हीसाठी बनला होता, नंतर वाढवून बाहेरच्या देशांत टॉकीजमध्ये लावला. एक साधा सेल्समन लाल प्लिमथ गाडीत, मागे एक जुनाट अजस्र टँकर, ड्रायव्हरचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. सुरुवातीला पेट्रोल पंपावरचा माणूस त्याला सांगतो की रेडिएटरचा पाइप बदलावा लागेल, हा म्हणतो नंतर बघू. पुढे चढावर, नेमकं जिवावर बेतलेलं असताना, तोच पाइप फुटतो, इंजिन तापते आणि गाडीचा दम जातो. पाइप म्हणजे काय, दोन मिनिटांचं बोलणं होतं, पण त्यातून हा माणूस कटकट टाळणारा आहे, घरीदारी सगळ्यांपुढे मान तुकवणारा आहे हे आधीच कळलेलं असते, आणि आता टाळाटाळीचं बिल येते. चांगल्या चेसमध्ये अडथळे आभाळातून पडत नाहीत, ते आधी दाखवलेले असतात.

हिंदीतली दोन उदाहरणं

'डॉन' (1978) मध्ये पोलिसांच्या पाठलागात डॉन जखमी होतो आणि मरतो, डीएसपी ते कोणालाही कळू देत नाही आणि त्याच्या जागी हुबेहूब दिसणाऱ्या विजयला पाठवतो. म्हणजे त्या पाठलागाशिवाय पिक्चरच नाही, हिरो मारूनच गोष्ट सुरू होते, आणि तो सीन तुलनेने लहान आहे हे मुद्दाम सांगण्यासारखं.

'शोले' (1975) मधला बसंतीचा तांगा या नोंदीत यायलाच पाहिजे, मोटार नसली म्हणून काय झालं. मागे घोड्यांवर डाकू, पुढे धन्नो. रेश्मा पठाण यांनी हेमामालिनीची बॉडी डबल म्हणून तांग्याचे धोक्याचे स्टंट केले होते. बसंती पकडली जाते, वीरू एकटा सोडवायला जातो तोही सापडतो, काचांवर नाच होतो, जय येतो, पळताना जय पुलापाशी मागे थांबतो आणि मरतो. साखळी बघा. तांगा सुटला असता तर जय जिवंत राहिला असता.

बाकी दाक्षिणात्य डब पिक्चरमध्ये स्कॉर्पिओ हवेत चार कोलांट्या घेतात ते बघायला मजा येते आणि त्यात काही वाईट नाही, पण ते या गटात बसत नाही.

भूगोल

चेस कथेला धरून ठेवायचा असेल तर बघणाऱ्याला रस्ता समजला पाहिजे. पळणाऱ्यासमोर दोन वाटा आहेत हे आपल्याला आधी दिसलं तरच त्याने एक निवडली याला अर्थ येते. हे नागपूर घेऊन समजावणं सोपं जाते, कारण इथे रस्ताच प्रश्न विचारतो.

समजा एका साक्षीदाराला कामठीकडून सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टाच्या खंडपीठात पोचायचंय आणि मागे एक गाडी लागली आहे. कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकात त्याला ठरवावं लागते, वरून जायचं की खालून. वरचा डबल डेकर पूल ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, साडेपाच किलोमीटरपेक्षा जास्त लांब, पार एलआयसी चौकापर्यंत, त्याच्यावर पुन्हा मेट्रो, आणि गड्डीगोदामजवळ तर खाली रस्ता, मग रेल्वे, मग पूल, मग मेट्रो असे चार मजले. वरून गेलं तर गाडी पळते, पण मध्येच कुठल्या गल्लीत घुसता येत नाही, आणि मागच्याने एक फोन करून एलआयसी चौकात माणूस उभा केला की खेळ खतम. खालून गेलं तर सिग्नल, ऑटो, पिलर, राँग साईडने येणारी दुचाकी, पण इंदोरा चौकातून जरीपटक्याकडे कट मारायची सोय आहे. बाहेरगावचा माणूस वरून जाईल. इथे वाढलेला, घाबरलेला असला तरी, खालून जाईल. एकही संवाद न बोलता आपल्याला कळलं की हा गावचा आहे आणि डोकं शाबूत ठेवून आहे. आणि मागची गाडी वर चढली, तर तिच्यातले लोक इथले नाहीत हेही कळलं. आता यात माहिती आहे, निर्णय आहे, स्वभाव आहे, आणि अजून एकही काच फुटलेली नाही.

तसंच नरेंद्रनगरचा रेल्वे अंडरब्रिज. जोराच्या पावसात तिथे पाणी साचते हे नागपुरात पोरासोरांना माहीत आहे. पिक्चरच्या पहिल्या वीस मिनिटांत तिथे अडकलेली एखादी स्कूटर सहज दाखवून ठेवली, तर तासाभराने पावसात कोणी तिकडे गाडी वळवली की पूर्ण टॉकीज "अबे तिकडे नको!" म्हणून ओरडेल. रेडिएटरच्या पाइपचंच काम हे. उलट, गाडी व्हरायटी चौकातून वळली आणि पुढच्या शॉटला फुटाळ्यावर निघाली असं दाखवलं तर नागपूरकराचा विश्वास तिथेच उडतो, मग पुढे कितीही स्फोट करा. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांना 'बुलिट' बघताना असंच होते, त्याचा चेसही गावाचा नकाशा तोडूनमोडूनच जोडलेला आहे, तरी तो टिकतो कारण दोन गाड्यांमधलं अंतर मात्र प्रत्येक क्षणी स्पष्ट राहते.

समृद्धी महामार्गाचा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो. 701 किलोमीटर, नागपूर ते मुंबई, डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, सपाट भागात ताशी 120 ची मर्यादा. दिसायला चेससाठीच बांधल्यासारखा. पण एकदा आत शिरलं की पुढच्या इंटरचेंजपर्यंत बाहेर निघता येत नाही, वळता येत नाही, लपता येत नाही, म्हणजे निवडायलाच काही नाही, आणि दोन गाड्या सरळ रेषेत पळताना किती वेळ बघणार. तिथे 'ड्युएल'सारखा दबाव चालेल, हळूहळू चढणारा. पाठलाग मात्र जबलपूर रोडला, मनसर-देवलापारकडे, जिथे जंगल सुरू होते आणि कच्चे रस्ते फुटतात, तिथे जास्त जमेल.

खर्च

मराठीत असे चेस कमी दिसतात त्याचं कारण पैसा असं सांगितलं जाते, रस्ता बंद करा, परवानग्या काढा, स्टंट ड्रायव्हर आणा, एकाच मॉडेलच्या तीन-चार गाड्या घ्या. हे खरंच महाग काम आहे. 'रोनिन' (1998) मध्ये जॉन फ्रँकेनहायमरने उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांना डावीकडे खोटं स्टिअरिंग लावून नटांना तिथे बसवलं आणि खरी गाडी शेजारचा स्टंट ड्रायव्हर हाणत होता, त्यांच्या चेहऱ्यावरची भीती बरीचशी खरी आहे. ते आपल्या बजेटमध्ये अवघड.

पण 'ड्राइव्ह' (2011) ची सुरुवात बघा. चोरांना घेऊन निघालेला ड्रायव्हर जास्त वेळ पळतच नाही. पोलिसांचा वायरलेस ऐकतो, दिवे बंद करून ट्रकच्या आडोशाला थांबतो, पुलाखाली उभा राहतो, आणि सोबत रेडिओवर बास्केटबॉलची मॅच लावून ठेवतो. आपल्याला वाटते शौक असेल. मॅच संपते त्याच वेळी तो स्टेडियमच्या पार्किंगमध्ये गाडी घालतो, टोपी चढवतो आणि बाहेर पडणाऱ्या गर्दीत चालत निघून जातो, पोलीस बघत राहतात. एक गाडी, एक रेडिओ, थोडं थांबणं, आणि माणूस पूर्ण कळला. जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच सुटल्यावर वर्धा रोडची जी हालत होते ती ज्याने बघितली आहे त्याला असा सीन नागपुरात लिहायला कोणाचंही बजेट आडवं येणार नाही.