कोल्हापूरचं मटण आणि सरकारी सरासरी

2019 च्या शेवटी मटण किलोला पाचशेच्या पुढे गेलं आणि कोल्हापूरच्या पेठा, तालमी खवळल्या. बहिष्काराचे निर्णय झाले, दुकानं बंद राहिली, दर ठरवायला बैठकांवर बैठका झाल्या. योगायोग असा, की त्याच नोव्हेंबरात केंद्र सरकारने 2017-18 च्या घरखर्च पाहणीचे निष्कर्ष माहितीच्या दर्जाचं कारण देत जाहीर न करण्याचं ठरवलं. इकडे मटणाच्या खर्चावरून रस्त्यावर वाद, आणि सरकारदरबारी शेवटचा आकडा 2011-12 चा.

घरखर्च पाहणी ही संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचाच भाग, आणि तिच्यात ‘अंडी, मासे, मांस’ असा एकच गट असतो. 1999-2000 मध्ये ग्रामीण भारतात एकूण खर्चातला या गटाचा वाटा 3.32 टक्के होता. 2022-23 मध्ये तो 4.91 टक्के झाला, शहरांत 3.57. तेव्हाचा ग्रामीण माणशी मासिक खर्च सरासरी 3,773 रुपये होता, म्हणजे या तिन्ही जिनसांवर मिळून सुमारे 185 रुपये. एवढ्या पैशांत 2019 च्या वादाच्या वेळचं मटणही अर्धा किलो येत नाही. दुधावर मात्र ग्रामीण घरं 8.33 टक्के खर्चतात, आणि गोकुळ दूध संघाच्या जिल्ह्यात त्याचं कुणाला नवल वाटायचं नाही.

पण हे आकडे देशाचे. कोल्हापूरचा वेगळा आकडा या पाहणीतून निघतच नव्हता. तिच्या प्रदेशरचनेत आपण पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि नगरसोबत एका गठ्ठ्यात. पंढरीचे माळकरी आणि पांढऱ्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीसाठी हात पुढे करणारे, दोघांची एकच सरासरी.

इथला मटणाचा खर्च मुळात पंचांगाने चालतो. आषाढात जोर, श्रावणात बंद. पुढे म्हाई (देवाच्या नावाने घातलेलं मटणाचं जेवण), जत्रा, सणानंतरची कर, धुळवड. मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे, कित्येक घरांत रविवार ज्योतिबाचा, म्हणून मग बुधवार. गावात पूर्वीपासून पद्धत वाट्याची: चारपाच घरांनी मिळून बकरं घ्यायचं, कापून सारखे वाटे घालायचे, मुंडी-पाय कुणाकडे गेले हे लक्षात ठेवायचं. पैसे पुष्कळदा ऊसबिल आल्यावर. पाहणी करणारा मात्र विचारतो मागच्या सात दिवसांचं. वर्षभर वेगवेगळ्या घरी जाऊन विचारत राहिल्याने एकंदर सरासरी सावरते, पण एका घराचं उत्तर म्हाईच्या आठवड्यात एक आणि श्रावणात शून्य.

आठवड्याची सवय लावली ती कोंबडी-अंड्यांनी. पुण्यात मुख्यालय असलेल्या वेंकीज या कोंबडी-अंड्यांच्या उद्योगसमूहाची सुरुवात 1971 ची. 1982 मध्ये अंडी समन्वय समिती आली आणि अंड्याचे दर रोज जाहीर होऊ लागले. ब्रॉयलर पोचल्यावर पाव किलो मटणाच्या पैशांत घरभर रस्सा होऊ लागला. परड्यातली गावठी कोंबडी मागे पडली. तिची अंडी घरी खाल्ली तरी पाहणीत त्यांची किंमत धरतात. मासळीचा हिशेब घाटाचा. रत्नागिरी-मालवणकडून आंबा घाट आणि गगनबावड्याच्या वाटेने माल येतो, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत समुद्राचं मासळीताट महाग होतं.

माझ्या मते सर्वांत मोठा घोळ हॉटेलचा. तांबडा-पांढऱ्याच्या थाळीचे पैसे पाहणीत मांसाखाली येत नाहीत; ते ‘पेये व तयार अन्न’ या रकान्यात जातात, आणि शहरी भारतात 2022-23 मध्ये त्याचा वाटा 10.64 टक्के होता. ज्या शहराची ओळखच खानावळींवर आहे, तिथलं मटण अशा रीतीने चहा-फरसाणाच्या हिशेबात लपतं. उलट घरी पाव्हण्यांना वाढलेलं जेवण यजमानाच्या खर्चात धरतात. जत्रेला दहा पाव्हणे जेवले तर ते घर कागदावर भलतंच मांसाहारी दिसणार.

जानेवारी 2025 पासून राष्ट्रीय नमुना पाहण्यांमध्ये नमुना जिल्हावार निवडला जातो. पुढची घरखर्च पाहणी त्याच पद्धतीने झाली, तर कोल्हापूर पुण्याच्या सावलीतून सुटून स्वतःच्या आकड्यावर येऊ शकेल. रकाने मात्र तेच राहिले, तर थाळीचं मटण तेव्हाही मांसात मोजलं जाणार नाही.