फ्लूनंतरचा न्यूमोनिया: इम्युनिटी वाढवायची की आवरायची?

डिसेंबरात नागपूरला थंडी पडली, घरोघरी खोकला सुरू झाला, की औषधाच्या दुकानात ‘इम्युनिटी बूस्टर’ मागणारे वाढतात. फ्लूनंतर न्यूमोनिया झाला म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडली, आणि कमी पडली म्हणजे ती वाढवायची, असा सरळ हिशेब असतो. शिकलेली माणसंही तोच करतात आणि तो चुकीचा आहे.

विषाणूचा न्यूमोनिया आणि फ्लूनंतरचा जिवाणूंचा न्यूमोनिया यांतला फरक सोपा आहे. पहिला फ्लूच्या सुरुवातीच्या दिवसांतच छातीत उतरतो. दुसऱ्यात माणूस बरा होऊ लागतो आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप, पिवळट किंवा गंजाच्या रंगाचा कफ, धाप. कारण बहुधा न्यूमोकोकस किंवा स्टॅफिलोकोकस. १९१८च्या साथीत बहुतेकांचा जीव या जिवाणूंच्या न्यूमोनियानेच घेतला.

खरी गल्लत पुढे आहे. फुप्फुसाच्या वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायम मुक्कामाला असतात आणि श्वासाबरोबर आलेले जिवाणू गिळून टाकतात. फ्लूशी लढताना शरीर इंटरफेरॉन नावाचं संदेशवाहक प्रथिन सोडतं. विषाणू आवरायला ते हवंच. पण आठवड्याभरात टी-पेशी या प्रतिकारशक्तीच्या पेशींकडून गॅमा नावाच्या इंटरफेरॉनचा लोंढा येतो, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की त्यामुळे याच मॅक्रोफेजवरचे, जिवाणू पकडायला लागणारे रिसेप्टर कमी होतात. ज्या उंदरांत हे इंटरफेरॉन रोखलं, त्यांच्या फुप्फुसांनी न्यूमोकोकस पुन्हा नीट साफ केला. इंटरफेरॉनचा आणखी एक गट जिवाणू मारणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींना बोलावणारे संदेशच मंदावतो. थोडक्यात, जिवाणूंना वाट मिळते तेव्हा प्रतिकारशक्ती झोपलेली नसते. ती पूर्ण जोरात विषाणूच्या मागे असते, आणि तो जोरच दुसरं दार उघडं टाकतो.

म्हणून इम्यून मॉड्युलेशन म्हणजे ‘वाढवणं’ नव्हे. कोणता संदेश, किती आणि कोणत्या दिवशी, याचं ते नियंत्रण आहे. सुरुवातीचं इंटरफेरॉन दुसऱ्या दिवशी रोखलं तर विषाणू माजू शकतो. सातव्या दिवशी गॅमा इंटरफेरॉन रोखणं कदाचित उपयोगी ठरेल. जीएम-सीएसएफ हे प्रथिन देऊन मॅक्रोफेजना बळ देण्याचे प्रयोगही उंदरांत आशादायक ठरलेत. पण यांतलं काहीही फ्लूच्या रुग्णांच्या नेहमीच्या उपचारांत आलेलं नाही. मग बाटलीवर ‘इम्युनो-मॉड्युलेटर’ छापलेलं पाहून पैसे का मोजायचे? त्या बाटलीला तारीख-वार कळत नाही.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे ‘आवरायचीच आहे ना, मग स्टेरॉइड घ्या’. कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा झाला, हे २०२०च्या चाचणीत सिद्ध झालं. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना तो झाला नाही. लोकांना यातलं पहिलं वाक्य तेवढं आठवतं. फ्लूमध्ये स्टेरॉइड घेतलेल्यांत मृत्यू आणि नवे संसर्ग जास्त आढळले आहेत. आवरणं म्हणजे सगळंच दाबून टाकणं नव्हे. दम्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मात्र मनाने बंद करू नका.

मग आज हाताशी काय आहे? लस. दरवर्षीची फ्लूची, आणि वयस्कर, मधुमेही किंवा जुना दमा असलेल्यांसाठी न्यूमोकोकसची. शरीराला वेळेआधी, नेमक्या शत्रूसाठी तयार करणारं याहून चांगलं साधन आपल्याकडे नाही. बाळांना न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते. आजी-आजोबांसाठी ती विकत घ्यावी लागते, म्हणून घरोघरी राहून जाते. काढ्यांवर आणि बूस्टरवर होणारा खर्च आधी तिकडे वळवा. फ्लूची शंका असेल आणि घरात जोखमीचं माणूस असेल तर ओसेल्टामिविर या फ्लूच्या विषाणूवरच्या औषधाबद्दल डॉक्टरांना पहिल्या ४८ तासांत विचारा. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. त्याने विषाणू मरत नाही आणि न्यूमोनियाही टळत नाही. आणि उतरलेला ताप परत चढला, धाप लागली, तर घरी थांबू नका. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तिथे त्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढून घ्या.