वट अरुण: आधी कालवा, मग राजधानी, मग मनोरा

बँकॉकच्या ता तियेन धक्क्यावरून फेरी बोट पकडली की काही मिनिटांत आपण पलीकडे वट अरुण या बौद्ध मंदिराच्या (वट म्हणजे मंदिर) दारात उतरतो. मधलं पाणी चाओ फ्राया नदीचं, असं नकाशा सांगतो. पण एवढ्या टप्प्यापुरती ही नदी मुळात नदी नव्हतीच, तो माणसांनी खणलेला कालवा आहे. पूर्वी चाओ फ्राया इथे पश्चिमेकडे भलामोठा वळसा घालत असे आणि समुद्रातून अयुथ्या या तेव्हाच्या राजधानीकडे निघालेल्या गलबतांचा वेळ त्या वळशात वाया जाई. सोळाव्या शतकात राजा चैराचाने वळशाची दोन टोकं जोडणारा सरळ कालवा खणवला. पाण्याला जवळची वाट सापडली, काठ ढासळत कालवा रुंदावत गेला आणि सगळा प्रवाहच तिथून वाहू लागला. जुनं पात्र मागे पडलं. बँकॉक नोई आणि बँकॉक याई हे आजचे कालवे म्हणजे त्याच जुन्या नदीचे अवशेष.

वट अरुणचं नशीब या खोदकामाने ठरवलं असं मला वाटतं. अयुथ्येला जाणारं प्रत्येक जहाज या काठावरून जाऊ लागलं. जकात घ्यायची तर इथे, तोफा रोखायच्या तर इथेच. राजा नारायच्या काळात फ्रेंचांनी इथे किल्ला बांधला आणि १६८८ च्या उठावात त्यांच्या फौजेला इथेच वेढा पडला. त्या काळातल्या फ्रेंच नकाशांत काठावरचं हे देऊळही दिसतं. तेव्हा त्याचं नाव वट माकोक. माकोक हे एक आंबट फळ, आणि बँकॉक हे नावही त्यावरूनच आलं असं बरेच जण मानतात.

एप्रिल १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या जाळली. वेढ्यातून निसटलेला सरदार ताकसिन काही महिन्यांत फौज जमवून परतला आणि त्याने याच काठावर, थोनबुरीत, नवी राजधानी वसवली. तो नदीमार्गे आला तेव्हा देवळापाशी पहाट झाली, तो उतरून नतमस्तक झाला आणि म्हणून देवळाला वट चेंग, म्हणजे पहाटेचं मंदिर, हे नाव मिळालं अशी कथा आहे. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. पक्कं आहे ते हे, की ताकसिनचा राजवाडा देवळाला खेटून उभा राहिला आणि देऊळ वाड्याच्या आवारात गेल्यामुळे तिथे भिक्खू राहीनासे झाले. १७७९ मध्ये सेनापती चाओ फ्राया चक्रीने लाओसमधल्या व्हिएन्टियानवर स्वारी करून पाचूचा बुद्ध म्हणून प्रसिद्ध असलेली हिरव्या दगडाची मूर्ती आणली, तीही आधी इथेच ठेवली गेली.

१७८२ मध्ये ताकसिनची सत्ता आणि जीव दोन्ही गेले. चक्री गादीवर बसला. तोच पहिला राम. आजचं राजघराणं त्याचंच. त्याने राजधानी पूर्व काठावर हलवली. थोनबुरीचा वाडा दोन देवळांच्या मध्ये अडकलेला, वाढवायला जागा नाही. शिवाय पश्चिमेकडून येणाऱ्या ब्रह्मी सैन्याला अडवायला समोर नदी असलेली बरी. पाचूचा बुद्ध नव्या वाड्यातल्या वट फ्रा केवमध्ये गेला. वट चेंगकडे मात्र भिक्खू परत आले.

पैलतीरी राहिलेलं देऊळ तिथेच विस्मृतीत जायचं. पण पहिल्या रामाचा मुलगा युवराज असताना थोनबुरीच्या जुन्या वाड्यातच राहत होता. त्याने शेजारच्या देवळाची डागडुजी हाती घेतली, दुसरा राम म्हणून राज्यावर आल्यावर देवळाच्या नावात 'अरुण' आणला आणि सोळाएक मीटरचा जुना मनोरा, थाई भाषेत प्रांग, उंच करायचं ठरवलं. १८२४ मध्ये तो वारला तेव्हा काम पायाच्या पुढे गेलं नव्हतं. आज दिसतो तो मनोरा तिसऱ्या रामाच्या कारकिर्दीतला. काम १८४२ मध्ये पुन्हा सुरू झालं. उंचीचे आकडे ६७ ते ८६ मीटरपर्यंत वाट्टेल ते छापलेले सापडतात.

तिसरा राम राजा होण्याआधीपासून चीनशी होणाऱ्या व्यापारात मुरलेला होता, बापच त्याला थट्टेने 'शेठ' अशा अर्थाच्या नावाने हाक मारायचा. मनोऱ्यावर हा व्यापार अक्षरशः चिकटलेला आहे. दुरून तो दगडी वाटतो. हाताच्या अंतरावर गेलं की कळतं, अंगभर चिनी मातीच्या कपबशांचे तुकडे आणि शिंपले गिलाव्यात दाबून बसवलेत. एका फुलाच्या पाकळ्या म्हणजे फुटक्या ताटलीचे वळणदार तुकडे, मधला गोल म्हणजे आख्खी छोटी बशी, निळी नक्षी तशीच शाबूत. चीनहून हलका माल घेऊन परतणारी जहाजं डुलू नयेत म्हणून तळाशी दगडी पुतळे आणि भांडीकुंडी भरत. आवारातले चिनी योद्धे याच वाटेने आले असं सांगतात.

आपल्याकडच्या माणसाला इथे ओळखीचे चेहरे बरेच भेटतात. मनोरा म्हणजे मेरू पर्वत. कोनाड्यात ऐरावतावर बसलेला इंद्र, कोपऱ्यातल्या लहान मनोऱ्यांवर घोड्यावरचा वायू, शिखरावर त्रिशूळ. उपोसथगृहाच्या, म्हणजे भिक्खूंच्या विधींच्या दालनाच्या, दारात दोन धिप्पाड यक्ष उभे आहेत, त्यातला हिरवा थोत्साकान, म्हणजे दशकंठ. रावण विहाराची राखण करतोय हे पाहून आपल्या सहलीतल्या लोकांची हमखास चर्चा रंगते, थाई माणसाला त्यात वावगं काहीच दिसत नाही. मधल्या चार मंडपांत मात्र बुद्धाचा जन्म, बोधी, पहिलं प्रवचन आणि महापरिनिर्वाण असा क्रम आहे.

वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, संपल्यावर भिक्खूंना चीवर, म्हणजे त्यांची वस्त्रं, देण्याचा कठिनाचा सोहळा महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांना नवा नाही. वट अरुणमध्ये विशेष प्रसंगी ते चीवर खुद्द राजा शाही नौकांच्या मिरवणुकीतून आणतो. २७ ऑक्टोबर २०२४ ला राजा वजिरालोंगकोर्नच्या ७२ व्या वाढदिवसानिमित्त ५२ नौका निघाल्या होत्या.

२०१३ ते २०१७ या काळात मनोऱ्याची मोठी दुरुस्ती झाली. परांची उतरल्यावर तो इतका पांढराशुभ्र दिसला की जुनी कळा गेली म्हणून बँकॉककर संतापले. माझ्या मते हा राग शेवाळ आणि काजळीच्या सवयीचा होता. चुन्याचा गिलावा मुळात पांढराच असतो. खालच्या सज्ज्यांवर आजही चढता येतं. तिथून वर जाणारा उभा जिना पर्यटकांना बंद आहे.