१४:१ चा ध्यास : माझदाच्या ‘स्कायअॅक्टिव-जी’ इंजिनांची पार्श्वभूमी

पेट्रोल इंजिनाकडून थेंबाथेंबाचं जास्त काम करून घ्यायचं असेल, तर सिलिंडरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण पेटवण्याआधी जास्त दाबायला हवं. हे इंजिनवाल्यांना कितीतरी पिढ्यांपासून ठाऊक आहे. अडतं ते नॉकिंगपाशी. फार दाबलेलं मिश्रण इतकं तापतं, की प्लगच्या ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच ते सिलिंडरच्या कडेला आपोआप पेट घेतं. मग धातूवर हातोडी मारल्यासारखी टकटक ऐकू येते, गाडीचा जोर कमी होतो आणि असंच चालू राहिलं तर पिस्टनची वाट लागते. या धास्तीने २०१० च्या सुमारास बहुतेक पेट्रोल गाड्यांचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पटीने दाबलं जातं तो आकडा, १० ते ११ च्या घरात घुटमळत होता. हिरोशिमाच्या माझदाने तो १४ वर नेला.

खरं तर मायलेजसाठी नाव घ्यावं अशी ही कंपनी नव्हे. तिची ओळख रोटरी इंजिनाची, म्हणजे वर-खाली होणाऱ्या पिस्टनऐवजी गोल फिरणाऱ्या रोटरच्या इंजिनाची. १९६७ च्या ‘कॉस्मो स्पोर्ट’पासून तिने ते जिवापाड जपलं आणि १९७३ च्या तेलसंकटात त्याच्याच पेट्रोलच्या भुकेपायी मोठा फटका खाल्ला. २००८ मध्ये पुन्हा घडी विस्कटली. आर्थिक मंदीत सापडलेल्या फोर्डने माझदातला आपला ३३.४ टक्क्यांचा हिस्सा १३ टक्क्यांच्या आसपास आणला. जगभर विकल्या जाणाऱ्या आपल्या गाड्यांचं सरासरी मायलेज २०१५ पर्यंत ३० टक्क्यांनी वाढवण्याचं उद्दिष्ट मात्र माझदाने जाहीर करून टाकलं होतं.

टोयोटाने हायब्रिडची वाट धरली होती, युरोपातल्या कंपन्या छोट्या टर्बो इंजिनांकडे वळल्या होत्या. माझदाने ठरवलं, की मोटर आणि बॅटरी नंतर बघू, आधी मूळ इंजिनच सुधारू. या विचारामागचे अभियंते मित्सुओ हितोमी. इंजिनात वाया जाणारी उष्णता मोजक्याच गोष्टींवर अवलंबून असते, तेव्हा त्यांतल्या प्रत्येकीला थेट भिडायचं, ही त्यांची मांडणी. तिच्या अग्रभागी होता कॉम्प्रेशन रेशो.

या कहाणीत मला सर्वांत भावतो तो एक्झॉस्टचा पाइप. नॉकिंगचं एक मोठं कारण म्हणजे आधीच्या स्फोटातला, सिलिंडरमध्ये मागे राहिलेला जळका वायू. गणित साधं आहे. बाहेरची हवा २५ अंशांची आणि उरलेला वायू ७५० अंशांचा धरला, तर अवघा १० टक्के वायू मागे राहिला तरी दाबायला सुरुवात होण्याआधीच आतलं तापमान ९५ अंशांच्या आसपास जातं. चार सिलिंडरच्या इंजिनात हा वायू रेंगाळतो तो शेजाऱ्यामुळे. पहिल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत आलेला असतो, तेवढ्यात तिसऱ्याचा उघडतो. त्या दाबाची लाट आखूड पाइपातून उलटी येते आणि निघालेला वायू पहिल्यात परत ढकलते. माझदाने १ आणि ४ ची एक जोडी केली, २ आणि ३ ची दुसरी, आणि ६० सेंटिमीटरहून लांब पाइपांनंतर त्या एकत्र आणल्या. लाटेची वाटच लांबवली. ती पोहोचेपर्यंत व्हॉल्व्ह मिटलेला असतो.

चार पाइपांचे दोन आणि दोनांचा एक करणारी ही ‘४-२-१’ रचना शर्यतीच्या गाड्यांत जुनीच. रोजच्या गाडीत ती टाळली जायची, कारण लांब पाइपात वायू थंड होतो आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापत नाही, आणि तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही. त्यासाठी माझदाने इंजिन थंड असताना ठिणगी उशिरा टाकली. एरवी अशाने जळणं डळमळीत होतं. पिस्टनच्या माथ्यावर खोलगट वाटी कोरून ते सावरलं. कमी जोर लागतो तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवण्याची क्लृप्ती तर घरचीच होती. १९९३ च्या ‘युनोस ८००’ मध्ये आणि २००७ च्या ‘डेमिओ’त माझदाने हे मिलर सायकल वापरलेलं होतं.

जून २०११ मध्ये १.३ लिटरची ‘स्कायअॅक्टिव-जी’ डेमिओतच आली. रेशो १४:१, आणि जपानच्या १०-१५ मोड चाचणीत मायलेज लिटरला ३० किलोमीटर, तेही मोटरच्या मदतीविना. आधीच्या मिलर डेमिओचा आकडा २३ होता. गंमत अशी, की त्या छोट्या बॉनेटखाली लांब पाइप मावलाच नाही. तिथे जळका वायू थंड करून परत आत सोडण्यावर भागवलं. जुन्या सांगाड्याच्या ‘अॅक्सेला’तही जागेची हीच रड, म्हणून तिथला रेशो १२ वर ठेवावा लागला. पूर्ण रचना बसली ती २०१२ च्या ‘सीएक्स-५’ मध्ये, कारण ती गाडी या इंजिनाभोवतीच आखलेली होती. तिचा रेशो युरोपातल्या ९५ ऑक्टेनच्या, म्हणजे नॉकिंगला जास्त दाद न देणाऱ्या, पेट्रोलसाठी १४ आणि जपानच्या साध्या पेट्रोलसाठी १३.

जुन्या इंजिनांच्या तुलनेत मायलेज आणि टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) दोन्ही सुमारे १५ टक्क्यांनी वाढल्याचं कंपनीने सांगितलं. टॉर्कही वाढला, हे मला जास्त मोलाचं वाटतं. काटकसरीचं इंजिन म्हणजे मरगळलेलं इंजिन, हा समज तिथे मोडला. पुढे २.५ लिटरच्या इंजिनात हलक्या चालीला दोन सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आली. २०१९ मध्ये ‘स्कायअॅक्टिव-एक्स’ बाजारात आलं. मिश्रण दाबाने आपोआप पेटू नये म्हणून आधी एवढा आटापिटा केला होता. या इंजिनात ठिणगीच्या मदतीने ते मुद्दाम तसंच पेटवलं जातं.